‘उत्परिवर्तन’ या शब्दातलं ‘अचानक’ नेमकं कशाचं?

प्रश्न असा आलाय : ‘उत्परिवर्तनामुळे (म्युटेशनमुळे) अचानक नवी जाती (सजीवांची प्रजाती, स्पीशीज) निर्माण होते’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘उत्परिवर्तन’ व ‘उत्क्रांती’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

चालणार नाहीत. वाक्यही, एक अपवाद वगळता, चूकच. मात्र ही चूक एके काळी प्रतिष्ठित सिद्धांत होती. नेदरलँड्समध्ये हिल्व्हर्समजवळ, बटाट्याच्या एका पडीक शेतात, 1886 साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द फ्रीस यांना ईनोथेरा या फुलझाडाची रोपं माजलेली दिसली. त्यातली काही भावंडांत उठून दिसण्याइतकी वेगळी होती. द फ्रीस यांनी ती अ‍ॅम्स्टरडॅमला नेऊन पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. मधूनच एखादं रोप निराळंच निघे आणि त्याचं बीही बहुधा तसंच उगवे. 1901 ते 1903 दरम्यान त्यांनी यावर दोन खंड लिहिले. नवी जाती एका उडीत जन्मते, नैसर्गिक निवड फक्त चाळणीचं काम करते, असं त्यांचं म्हणणं. ‘अचानक’ हे विशेषण या शब्दाला चिकटलं ते तिथून.

मग 1910 मध्ये अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी निघाली. डोळे बदलले, माशी माशीच राहिली. शब्द तोच, अर्थ मात्र आकसून जनुकातल्या बदलापुरता झाला.

हा बदल किती लहान असू शकतो ते विदर्भातल्या वाचकांना परिचित असलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसतं. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या जनुकात एका जागी अ‍ॅडेनीन या डीएनएच्या ‘अक्षरा’ऐवजी थायमीन हे दुसरं अक्षर येतं, त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या घटकाच्या जागी व्हॅलिन हा दुसरा घटक बसतो. बस, एवढंच. आई-वडील दोघांकडून हे बदललेलं जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यांमागून पिढ्या वाढत गेलं. अक्षर बदललं ते अचानक. जनुक पसरलं ते सावकाश. पहिलं उत्परिवर्तन, दुसरी उत्क्रांती. म्हणून ‘अमक्या जनुकात उत्परिवर्तन झालं’ म्हणावं, आणि उत्क्रांती समूहाची म्हणावी, एकट्या प्राण्याची नव्हे. ‘नेत्याच्या विचारांत उत्परिवर्तन’ वगैरे वर्तमानपत्री थाट मला तरी खटकतो. तिथे साधं ‘बदल’ पुरतं. (जमिनीच्या कागदांतल्या ‘म्युटेशन’ला आपल्याकडे ‘फेरफार’ हा खणखणीत शब्द आहेच. तिथे ‘उत्परिवर्तन’ लिहिणारे भाषांतरकार तलाठ्याला घाम फोडतील.)

आता अपवाद. द फ्रीस यांच्या ईनोथेरातल्या ‘गिगास’ या रोपात नंतर 14 ऐवजी 28 गुणसूत्रं (पेशीतले जनुकं वाहणारे धागे) सापडली. अख्खा संचच दुप्पट! असं रोप मूळ जातीशी संकरलं तर संतती सहसा वांझ निघते, त्यामुळे ते एका पिढीत वेगळं पडतं. आपला भुईमूगही दोन रानटी जातींचा संकर आणि असं दुपटीकरण यांतून आलेला, 40 गुणसूत्रांचा. अशा वनस्पतींबद्दल लिहिताना ‘अचानक नवी जाती’ खुशाल लिहा, फक्त कारण ‘गुणसूत्रांचा संच दुप्पट झाल्यामुळे’ असं स्पष्ट द्या.