जेवण गेले नाही, तरी इन्सुलिन

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून तू इथे वसतिगृहात राहणार, म्हणजे आजवर आईने घड्याळाकडे पाहून दिलेले इन्सुलिन आता तुला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचे आहे. म्हणून एकच गोष्ट सविस्तर लिहितो. उलट्या होत असल्या, पोटात घास टिकत नसला, तरी इन्सुलिन बंद करायचे नाही.

एकदा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पूर्व भागातील एक यंत्रमाग कामगार आपल्या १६ वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आला. मुलाला दोन दिवस ताप आणि उलट्या होत्या, आणि काही खातच नाही तर साखर फार उतरेल, या भीतीने घरच्यांनी इन्सुलिन थांबवले होते. ही भीती मायेपोटी येते, पण तुझ्यासारख्या टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तेव्हा, तीच जिवावर बेतते. आजारपणात यकृत उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते. इन्सुलिनच नसल्यामुळे पेशींना ती वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारी किटोन नावाची आम्ले रक्तात साचतात, तर वाढलेली साखर लघवीवाटे पाणी आणि क्षार ओढून नेते. यालाच डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. त्या मुलाचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास होता, आणि पोट दुखते म्हणून आधी एके ठिकाणी त्याला पित्ताचे औषध देऊन परत पाठवले होते. तो वाचला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी अशी मुले वाचत नसत.

आजारी असताना दर दोन ते चार तासांनी साखर तपास. ती २५० च्या वर असेल किंवा उलट्या होत असतील, तर लघवीतले किटोन पट्टीवर पाहा, घोट घोट पाणी पी आणि डोस किती बदलायचा ते डॉक्टरांना फोन करून विचार. उलटी थांबेना, श्वास वाढला, पट्टीचा रंग गडद झाला किंवा गुंगी वाटली, तर सकाळची वाट पाहू नकोस; शेजारच्या खोलीतल्या कुणालाही उठव आणि रुग्णालय गाठ. उपचारात इन्सुलिन सुरू होताच रक्तातले पोटॅशियम झपाट्याने उतरते, त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून हे काम घरी होण्यासारखे नाही.

आणखी एक, इथल्या उन्हाविषयी. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत राहिलेले इन्सुलिन दिसायला तसेच दिसते, पण त्याचा गुण गेलेला असू शकतो. खोलीत फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात लहान मडके बसव आणि वर ओले फडके घाल. दोन्ही मडकी मी घेऊन ठेवली आहेत. वाळू रोज सकाळी भिजवत जा.

तुझा,
डॉक्टरकाका