स्मृतिभ्रंशावर संशोधन करायला डॉक्टरच व्हावं लागतं का?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीला स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय घडलं हे तिला आठवत नाही, पण वाक्यं अगदी नीट बोलते. असं का होतं, यावर संशोधन करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, हे डॉक्टरांचं काम. शिवाय मला गणिताची भीती वाटते.

उत्तर : आजीबद्दल तू जे टिपलं आहेस, तिथूनच या विषयाची सुरुवात होते. स्मृती एकसंध नसते. घडलेल्या प्रसंगांची स्मृती वेगळी आणि शब्दार्थांची, जगाच्या ज्ञानाची स्मृती वेगळी, हा भेद एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये मांडला. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सहसा प्रसंगांची स्मृती आधी ढासळते. उलटंही घडतं. शब्दांचे अर्थच विरत चालले आहेत, बाकी बुद्धी मात्र बरीच शाबूत आहे, असे रुग्ण एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७५ मध्ये नोंदवले. हे दोघेही मानसशास्त्रज्ञ. बाबांना हे जरूर सांग. निदान आणि औषधं डॉक्टरांकडेच राहतील. पण शब्द कुठे अडतो आणि का, हे शोधणं तुझ्या विषयाचं काम आहे.

या कामात निरोगी म्हातारपण आधी समजून घ्यावं लागतं. वय वाढलं की ओळखीची नावं ओठांवर येऊन अडकतात, शब्दसंग्रह मात्र टिकतो, कित्येकदा वाढतोही. हा आजार नव्हे. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा, अशी एक साधी चाचणी आहे. नुसता आकडा पाहून भागत नाही. माणूस पाळीव प्राण्यांवरून जंगली प्राण्यांकडे कसा वळतो, कुठे थबकतो, हेही पाहतात. आणि शाळेत न गेलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी येऊ शकतात. म्हणून दुसऱ्या भाषेतली चाचणी उचलून वापरता येत नाही, ती त्या त्या भाषेत, त्या माणसांवर तपासून घडवावी लागते. असं काम फार थोड्या भाषांत नीट झालं आहे. मला तुझ्यासारख्यांची खरी गरज इथे दिसते.

संख्याशास्त्राला मात्र पर्याय नाही. उत्तराला लागलेला वेळ मिलिसेकंदांत मोजायचा, अभ्यास मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांचा हिशेब ठेवायचा, तर ते लागणारच. पण ते शाळेतलं गणित नाही. ‘आर’ किंवा पायथन या आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय भाषांपैकी एक आताच शिकायला घे. प्रश्न आपला असला की भीती ओसरते, हे मी अनेक विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. तुझ्या संशोधनाचा उपयोग आजीला होईलच असं नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी यांत बरीच वर्षं जातात. रोज रुग्णासोबत राहून मदत करण्याची ओढ जास्त असेल, तर स्पीच थेरपी किंवा क्लिनिकल मानसशास्त्र निवड. तो मार्ग कमी प्रतीचा अजिबात नाही. ‘का’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल, तर कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी (स्मृती, भाषा, विचार यांचं मानसशास्त्र) किंवा भाषाविज्ञानाकडे वळ.

या सुट्टीत एखाद्या संशोधकाचा एक शोधनिबंध पूर्ण वाच, त्यावर एक नेमका प्रश्न विचारणारं पत्र त्यांना पाठव आणि प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम मिळेल का, हे विचार. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणातलं बोलणं अडखळण्यांसकट उतरवून काढायचं काम बहुधा आधी मिळेल. ते आनंदाने घे.