हरिश्चंद्रगडाला कसं जायचं, एवढंच विचारलं तर लोक "आधी शोधा" का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की मुलीला घेऊन डिसेंबरमध्ये जायचं म्हणून ट्रेकर लोकांना फक्त "हरिश्चंद्रगडाला कसं जायचं?" विचारलं आणि त्यांनी "आधी शोधून या" म्हणून तोडून टाकलं. वाईट वाटणारच. नवीन माणसाशी असं बोलू नये, दोन शब्द नीट सांगितले तर काय बिघडतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये.

कारण त्या गडाला एक वाट नाही. राजूरकडून पाचनईला गेलात तर दोन-तीन तासात वर, घरचे सगळे जाऊ शकतात. खिरेश्वरवरून तोलार खिंडीतून चढलात तर बराच जास्त वेळ. आणि बेलपाड्याहून नळीची वाट म्हणजे खाली कोकणातून सरळ घळीतून वर, मोठमोठे धोंडे, मध्ये रॉक पॅच (हात-पाय रोवून चढायचा उभा खडक), रोप आणि माहितगार माणूस पाहिजेच, अख्खा दिवस जातो. आता तुम्ही नुसतं "कसं जायचं" लिहिलं आणि कोणी उत्साहाच्या भरात "नळीच्या वाटेने जा, भारी आहे" सांगितलं तर? तुमच्यासोबत ७ वर्षांची पोरगी आहे हे त्याला कुठून कळणार. मला तर याचीच जास्त भीती वाटते.

वाटांची नावं, पायथ्याची गावं, गाडी कुठवर जाते हे सगळं लिहिलेलं सापडतं हो, अर्धा तास बसलात तरी मिळेल. पण आत्ता गडावरच्या टाक्यात (खडकात खोदलेल्या हौदात) पिण्याजोगं पाणी आहे का, पाचनईपर्यंतचा रस्ता सध्या कसा आहे, गावात जेवायला कोणाकडे सांगायचं, हे परवाच जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो आणि तो ते मनापासून सांगतो पण, मी कितीदा बघितलंय.

म्हणून परत विचारा, पण असं: "पाचनईवरून जायचं ठरवलंय, सोबत ७ वर्षांची मुलगी, डिसेंबरात एक रात्र मुक्काम, गुहेत झोपावं की टेन्ट घ्यावा, थंडी तिला झेपेल का?" बघा कशी उत्तरं येतात ते.

टेन्टचं माझं मत विचाराल तर घ्या, स्वेटर-कानटोपी दोन जोड ठेवा, आणि कोकणकड्यावर (गडाचा कोकणाकडचा खोल सरळ कडा) वारा जोराचा असतो, तिचा हात अजिबात सोडू नका.