आधी कार्डांवर नंबर घाल

सोलापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. 'सोलापूरचा वस्त्रवारसा' या विषयावर प्रबंध होणार नाही, कपाटभर ग्रंथ होतील. एकच चादर घे, जिची जॅकार्डची कार्डं, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे, अजून शाबूत आहेत. कला, डिझाइन, कारागिरी आणि जतन या चारही गोष्टी त्या एका वस्तूत सापडतील.

कामाचा क्रमही बदल. विद्यापीठ आधी संदर्भवाचन करायला सांगतं. पण ग्रंथालय पुढच्या वर्षीही जागेवर असेल. पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली कार्डं तेव्हा रद्दीत गेलेली असू शकतात, म्हणून आधी शहराच्या पूर्व भागात, विणकरांकडे जा.

एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. नक्षीच्या एका आवर्तनात 600 धागे असतील तर 600 कार्डं, आणि ती ठरलेल्या क्रमानेच. हा क्रम फक्त दोरीच्या ओवणीने टिकलेला असतो. कोरड्या उन्हाळ्यात पुठ्ठा कडक होतो आणि ओवणीच्या भोकांपाशीच फाटतो. दोरी सुटली की नक्षी गेलीच म्हणून समज. त्यामुळे दोरीला हात लावण्याआधी प्रत्येक कार्डाच्या एकाच कोपऱ्यात, एकाच बाजूला, मऊ पेन्सिलीने नंबर घाल. पेन नको, शाई पुठ्ठ्यात उतरते. मग दहा-दहा कार्डांचे फोटो घे, आधीच्या फोटोतलं शेवटचं कार्ड पुढच्या फोटोत पुन्हा येऊ दे. काही भोकांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले दिसतील. ते काढू नकोस. ती पंचिंग करणाऱ्याने केलेली दुरुस्ती आहे आणि तुझ्या प्रबंधाला तिचं मोल मोठं आहे.

स्कॅन करताना कार्डाच्या पाठीशी काळा कागद ठेव. 300 डीपीआय पुरेसं आहे. नेहमीच्या जॅकार्डमध्ये भोक असेल तिथला हुक, आणि त्याबरोबर ताण्याचे उभे धागे, उचलले जातात, म्हणून भोक तिथे काळा चौकोन, नाही तिथे पांढरा, असा तक्ता मांडला की नक्षी उमटते. इथे हमखास एक चूक होते: कार्ड उलट्या बाजूने स्कॅन झालं तर मोर डावीकडे बघायचा तो उजवीकडे बघतो. शिवाय पुष्कळ कापड मागावर सुलटी बाजू खाली ठेवून विणतात. म्हणून पहिली वीस कार्डं झाली की थांब आणि प्रत्यक्ष चादरीशी ताडून बघ. सगळी झाल्यावर चूक कळली तर महिना वाया.

आता चादर. पाठीमागे रंगांची अदलाबदल दिसली म्हणून लगेच 'दुहेरी वीण' लिहू नकोस. नक्षीच्या भरीव भागात दोन थर चिमटीत अलग होतात का पाहा. झाले तरच लिही. एका इंचातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे भिंगाखाली पाच ठिकाणी मोज, किनारीपासून हातभर आत. सरासरीबरोबर पाचही आकडे नोंदव. धुतलेली चादर आटलेली असते, त्यामुळे तिच्यात मागावरच्यापेक्षा धागे जास्त भरतात. म्हणून विणकराला फणीचा, म्हणजे ताण्याचे धागे ज्यातून ओवतात त्या कंगव्याचा, नंबर विचारायला विसरू नकोस. सुताच्या नोंदीत 2/20 आलं तर त्याचा अर्थ 20 नंबरचे दोन पदर पिळलेले, म्हणजे जाडी 10 नंबरची. या ठिकाणी भलेभले घसरतात.

चादर घडी घालून ठेवू नकोस, घडीवर धागे तुटतात. आम्लरहित कागदासह जाड नळीवर गुंडाळ.

मुलाखती मागांच्या खडखडाटात घेऊ नकोस. मागांचा आवाज वेगळा रेकॉर्ड कर, बोलणं घरी किंवा ओट्यावर. पद्मशाली या विणकर समाजाच्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तेव्हा तेलुगू जाणणारं कुणीतरी सोबत ने आणि मागाच्या भागांचे त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरव. त्यांचं मराठी करताना त्यातलं ज्ञान निसटतं. संमतिपत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत हवं. आणि सध्या बाजारात चालू असलेली नक्षी पूर्ण तक्त्यासह छापू नकोस. ती त्या घराची रोजीरोटी आहे. याबाबत मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरी तू नाही म्हण.

कागदपत्रं शेवटी. जुन्या नोंदींत शहराचं नाव 'शोलापूर' असं आहे, त्याच नावाने शोध. मुंबई गॅझेटिअरचा 1884 सालचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे मिळेल. अर्जातलं विणीचं वर्णन तुझ्या मोजमापाशी ताडून बघ. फरक सापडला तर तो लपवू नकोस, त्यावर स्वतंत्र प्रकरण लिही.

पुढच्या वेळी येताना ती पहिली वीस कार्डं, त्यांचा तक्ता आणि चादरीच्या त्याच भागाचा पट्टी ठेवून काढलेला फोटो आण. शेजारी शेजारी ठेवून पाहू.