गाव बघायला की डबा खायला?

मनू,

काल यॉर्कला, म्युझियम गार्डन्सच्या हिरवळीवर मी चादर पसरली, स्टीलचा डबा उघडला, लसणाच्या चटणीचा वास सुटला, आणि तू एकदा तुझ्या मैत्रिणीकडे बघून माझ्या कानाशी आलीस. "आई, आपण गाव बघायला येतो की डबा खायला?"

अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, कुजबुजत विचारलंस. मैत्रिणीला तिच्या आईने यॉर्कशायर पुडिंगच्या रॅपचे पैसे दिले होते. तुला मी तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. मी तेव्हा काहीतरी उडवून लावलं. "आधी खा, मग बोल" असं काहीसं. पण ट्रेनने घरी लीड्सला येईपर्यंत त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. म्हणून हे लिहितेय. जोडाक्षरं अडली तर बाबाला विचार, मला नको. मी समोर असले तर पुन्हा समजावत बसेन, आणि मला तसं बसायचं नाहीये.

मी तुझ्याएवढी असताना आम्ही वर्षातून एकदा वाईला जायचो. पुण्याहून, एका दिवसात जाऊन परत. 'आम्ही' म्हणजे आजोबा, आजी, मी, संजूमामा, बेबीमावशी, आजोबांची आई म्हणजे तुझी पणजी, आणि कधी कधी नीलाआत्या तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन. स्वारगेटला सकाळी लाल गाडी लागली की संजूमामाला आजोबा उचलून खिडकीपाशी धरायचे. तो आतल्या बाकड्यावर रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा आपली, असा तेव्हा कायदाच होता. कात्रजचा बोगदा आला की गाडीतली सगळी पोरं ओरडायची. खंबाटकीच्या घाटात बेबीमावशीला मळमळायचं, मग आवळासुपारीची डबी फिरायची. सुरूरला हायवे सोडून गाडी वाईकडे वळली की आजोबा ताठ बसायचे आणि परीक्षा सुरू.

"ढोल्या गणपती कोणी बांधला?"

"रास्त्यांनी."

"कधी?"

"१७६२."

"मागची भिंत माशासारखी का?"

हे सगळ्यांना पाठ होतं. देऊळ कृष्णेच्या घाटावर अगदी पाण्याशी आहे. पूर आला तर पाण्याचा लोंढा सपाट भिंतीवर आदळू नये, दोन्ही बाजूंनी फाकून जावा, म्हणून मागची बाजू माशासारखी निमुळती केली आहे. आत गणपती एवढा प्रचंड, एका दगडातला, की संजूमामा एकदा मोठ्याने म्हणाला होता, "याला किती मोदक लागत असतील!" आणि पणजीने त्याला चिमटा काढला होता.

मग घाटाच्या पायऱ्यांवर सावली बघून चादर. आणि डबा.

दशम्या असायच्या. त्यांची कणीक पाण्यात भिजवत नाहीत, दुधात भिजवतात, म्हणून त्या मऊ राहतात आणि दोन दिवस काही होत नाही त्यांना. बटाट्याची कोरडी भाजी. दाण्याची चटणी, लसणाची चटणी, लोणच्याचा नुसता खार, कारण फोडी सांडतात आणि पिशवीला डाग पडतात. आणि दहीभात, ज्याची युक्ती मी अजून वापरते: पहाटे मऊ भातात भरपूर दूध घालायचं आणि विरजणापुरतं चमचाभर दही. दुपारी डबा उघडेपर्यंत त्याचा आपोआप दहीभात झालेला असतो, आंबट अजिबात नाही. कांदा आजोबा पायरीवर ठेवून बुक्कीने फोडायचे. घरी त्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, पण हा कांदा फोडण्याचा मान मात्र दुसऱ्या कुणाला दिला नाही.

तर, डबा का? तू विचारलंस म्हणून मी पहिल्यांदाच नीट विचार केला.

एक म्हणजे पैसे. आजोबा कारकून, खाणारी तोंडं सात-आठ. हॉटेलात सगळ्यांनी बसायचं म्हणजे बसभाड्याच्या वर खर्च. हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला सांगायचे, "बाहेरचं बाधतं." आम्ही ते खरं मानलं. संध्याकाळी स्टँडवर आजोबा पाव किलो भजी घ्यायचे आणि ती मात्र कुणाला बाधायची नाहीत, हे कसं, असं मी कधी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

दुसरी गोष्ट सांगायला मला जरा जड जातं. पणजी बाहेरचं खात नव्हती ते पोटासाठी नव्हे. कुणाच्या हातचं आहे ते माहीत नाही, म्हणून. लहानपणी मला तो तिचा नेम वाटायचा, देवाचं काहीतरी. 'कुणाच्या हातचं' या दोन शब्दांत माणसांची केवढी रांग दाराबाहेर उभी केलेली असते हे मला मोठेपणी कळलं. पणजी माझे केस विंचरायची, मला गोष्टी सांगायची, आणि ती हेही मानायची. त्यामुळे डबा म्हणजे निव्वळ प्रेम, असं तुला सांगायला माझी जीभ रेटत नाही. काटकसर होती, थोडं प्रेम होतं, आणि काही असंही होतं जे तिथेच राहिलं तर बरं.

जेवण झालं की मेणवलीला जायचं. तीनेक किलोमीटर, आम्ही चालतच जायचो. वाटेत हळदीची शेतं, केळीसारख्या रुंद पानांची. हिवाळा संपताना गेलो तर हळद शिजवल्याचा वास यायचा, ओल्या मातीसारखा आणि किंचित कडवट. लीड्सच्या दुकानातल्या हळदीच्या पाकिटाला तो वास नाही. मी प्रत्येक पाकीट उघडून बघते, बाबा हसतो.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. नाना म्हणजे पेशव्यांचा कारभारी, ज्याच्या हुशारीवर राज्य बरीच वर्षं तगलं. वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, मागे घाट आहे आणि घाटावर एका छोट्या देवळीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. आजोबा हे सांगताना छाती फुगवायचे. मी एकदा विचारलं, "मग ती लोकं परत मागत नाहीत का?" आजोबा म्हणाले, "चल, उशीर होतोय."

गेल्या वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये तू तावातावाने म्हणालीस ना, "हे सगळं चोरलेलंच आहे, परत का देत नाहीत?" तेव्हा मी मान डोलावली आणि मेणवलीच्या घंटेबद्दल गप्प बसले. आता सांगितलं. आणि काल आपण जिथे चादर पसरली ना, तेही एका मठाचं अंगणच होतं. सेंट मेरीज ॲबी. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये तो मठ बंद केला आणि हळूहळू त्याचे दगडही लोकांनी उचलून नेले. उरलेल्या कमानींखाली आपण पुऱ्या खाल्ल्या. जुन्या गावांत बसायला बरी जागा म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी मोडलेलं घर असतं.

विषय भरकटला. मला सांगायचं होतं ते आजीबद्दल.

मेणवलीला आम्ही सगळे जायचो म्हटलं ना, ते खोटं आहे. आजी यायची नाही. पणजीचे गुडघे दुखायचे, नीलाआत्याचं बाळ झोपलेलं असायचं, आणि डब्यांच्या तीन पिशव्या, पाण्याची कळशी, चादरी. "पिशव्यांपाशी कोण बसणार?" असं आजोबा विचारायचे, आणि तो प्रश्न नसायचा. आजी घाटावर थांबायची. खरकटे डबे विसळायची, पुसून पुन्हा पिशवीत रचायची. आम्ही दोन-अडीच तासांनी उन्हाने लाल होऊन परत यायचो. आजोबा तिच्यासाठी हळकुंडं आणायचे. तिला भेट म्हणून. दळायला.

येताना विश्वकोशाच्या कार्यालयावरून गेलो तर आजोबा तिथेही थांबवायचे. जगातलं सगळं ज्ञान इथे मराठीत लिहिलं जातंय, लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच बसतात, वगैरे. आम्हाला उसाचा रस हवा असायचा.

मला आठवतं त्याप्रमाणे आम्ही चार-पाच वर्षं लागोपाठ गेलो. आजी पहाटे, म्हणजे आम्ही उठायच्या दोन तास आधी, चारला उठायची. चाळीसेक दशम्या लाटून, भाजून, गार करून, पंच्यात गुंडाळून. आणि या सगळ्यात मला एकदाही वाटलं नाही की ती आमच्याबरोबर नव्हती. माझ्या आठवणीत ती मेणवलीला आहे. घंटेखाली आजी उभी आहे, असं मला चक्क दिसतं. ते मी मनाने चिकटवलंय.

आज सकाळी मी तिला फोन केला. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. म्हटलं, "आई, मेणवलीची घंटा आठवते का गं?"

"कुठली घंटा? मी पिशव्यांपाशी असायचे ना."

तक्रार नव्हती आवाजात. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "पण घाटावर बरं वाटायचं हो. सासूबाई झोपायच्या, तुम्ही कुणी नसायचात. पाण्यात पाय सोडून बसायचे. वर्षातले तेवढे दोन तास मला कुणी हाक मारत नसे."

आता याचं मी काय करू, सांग. मी तिची कीव करायच्या तयारीत फोन केला होता.

मनू, काल जेवण झाल्यावर तू, तुझी मैत्रीण आणि बाबा बूथम बार या जुन्या वेशीपाशी गावाच्या तटावर चढलात आणि मंक बार या दुसऱ्या वेशीपर्यंत चालत गेलात. परत येऊन तू मिन्स्टर, म्हणजे तिथलं ते मोठं चर्च, वरून कसं दिसतं, खालच्या बागा कशा दिसतात ते सांगत होतीस. आपण तीनदा यॉर्कला गेलो आहोत. तटावर चालायला एक पैसा लागत नाही. मी एकदाही चढलेली नाही. मला कुणी "पिशव्यांपाशी कोण बसणार" असं विचारलंही नव्हतं. मीच म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी आहे इथे." आणि डबे पुसायला घेतले.

आणि खरं सांगू? मलाही बरं वाटलं. नदीकडून वारा येत होता. पण आजीला दुसरा पर्याय नव्हता आणि मला होता, हा फरक आहे की नाही? मला अजून ठरवता येत नाहीये.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. मी डबा नेते कारण पहाटे कणीक भिजवली की मला सहलीला निघाल्यासारखं वाटतं, नाहीतर नुसतं ट्रेनमध्ये बसल्यासारखं वाटतं. हे माझं झालं. तुझं तसं व्हावं असा माझा हट्ट नाही. म्हणजे, थोडा आहे. पण मैत्रिणीसमोर तुला लाज वाटली ते मला कळतं. मलाही एकदा वाटली होती. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ब्रेड-जॅम आणला होता, आणि मी दशमी बाकाखाली धरून खाल्ली. घरी येऊन आजीला सांगितलं, "सगळ्यांना फार आवडली." तिने पुढच्या वेळी वीस दिल्या.

पुढच्या महिन्यात डरमला जायचं म्हणतोय बाबा. तुला हवं तर तू तिथे विकत घेऊन खा, मी पैसे देईन आणि तोंड वाकडं करणार नाही. तुझ्या घासातला एक घास मला मात्र दे, मीही कधी ते यॉर्कशायर पुडिंग चाखलेलं नाही. मी लहान डबा घेईन, पाठीवरच्या बॅगेत बसेल एवढाच, म्हणजे पिशव्याच नकोत. आणि डिसेंबरात पुण्याला गेलो की आजीला गाडीने मेणवलीला न्यायचं माझ्या मनात आहे. वाड्यापर्यंत गाडी जाते. घाटाच्या पायऱ्या तिला जमतील का बघू. तू तिचा हात धरशील?

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "मनूने खाल्लं का नीट?" मी हो म्हटलं.

तीन दशम्या उरल्या आहेत. ओट्यावरच्या डब्यात, पंच्यात गुंडाळलेल्या. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, वातड होतात.

आई