क्लचचं पेडल आणि गिअरबॉक्स उतरवण्याची घाई

वाचकांच्या या वेळच्या बऱ्याच प्रश्नांत एकच वाक्य आहे: "मिस्त्री म्हणतो, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." जुन्या फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सला हात लावला की ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जाणारा शाफ्टही सोडावा लागतो, आणि मजुरी चांगलीच वाढते. पेडलपासून फोर्कपर्यंतची (क्लच सोडवणारा दांडा) तपासणी मात्र अर्ध्या तासात होते. ती केल्याशिवाय गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सोडू देऊ नका.

जुनी डिझेल जीप आहे, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा. सकाळी पेडल थेट खाली जातं आणि रिव्हर्स खरखरतो. तीन-चारदा पंप केलं की ठीक चालतं. सिग्नलला पेडल दाबून थांबलं तर गाडी हळूहळू पुढे सरकते. ऑइल मात्र कमी होत नाही. (लोकमान्यनगर, इंदूर)

पंप केल्यावर सुधारतं, म्हणजे प्लेटचा संबंध जवळजवळ नाहीच. दाब तयार होत नाही किंवा टिकत नाही. पेडल दाबून धरलेलं असताना गाडी सरकते आणि ऑइलची पातळी तशीच राहते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेला, दाब तयार करणारा) आतल्या वॉशरवर, म्हणजे रबरी सीलवर जातो. ऑइल बाहेर गळत नाही, झिजलेल्या वॉशरच्या कडेने मागे फिरून परत ऑइलच्या डबीत जातं.

खात्री अशी करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडल एकसारख्या जोराने मिनिटभर दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर मास्टर. मग पायाखालची मॅट उचलून पेडलच्या पुशरॉडजवळ (पिस्टन ढकलणारी सळई) ओल आहे का पाहा, आणि खाली स्लेव्ह सिलिंडरचं (मास्टरच्या दाबाने फोर्क ढकलणारा) रबरी बूट मागे सारून आत बोट फिरवा. बूट कोरडं हवं. दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून दोन सिलिंडरांमधला रबरी होज (नळी) मुठीत धरा. तो फुगताना जाणवला तर बदला.

शेवटी स्लेव्हच्या पुशरॉडची चाल पट्टीने मोजा. बऱ्याच गाड्यांत ती 12 ते 15 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. चाल पूर्ण मिळत असूनही क्लच सुटत नसेल तरच दोष बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं कवच) आत शोधायचा. या एका मापावर अख्खा निर्णय ठरतो.

मास्टर उघडल्यावर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) नखाने जाणवणारी रेघ किंवा गंजाचे खड्डे दिसले तर नुसतं वॉशरचं किट टाकू नका. नवे वॉशर काही दिवसांत पुन्हा कापले जातात. बसवताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात 1-2 मिमी मोकळीक ठेवा. ती नसेल तर ऑइल परतण्याचं छिद्र बंद राहतं, गरम झाल्यावर दाब साठतो आणि क्लच घसरू लागतो.

हवा दोनदा काढली, तरी पेडल नरमच. (राऊ)

निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) स्लेव्हच्या वरच्या बाजूला आहे का ते आधी पाहा. खाली आला असेल तर हवा कधीच निघणार नाही. स्लेव्ह सोडून, पिस्टन आत दाबून धरून, निपल वर करून हवा काढा. पेडल खाली जात असताना निपल उघडायचा, पेडल सोडण्याआधी बंद करायचा आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. डबीवर लिहिलेलंच ऑइल, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल, आणि तेही सीलबंद बाटलीतलं घाला. इंजिन ऑइल चुकून जरी गेलं तरी सगळे वॉशर फुगतात. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एवढं करूनही नरम राहिलं, तर एकाला पेडल दाबायला सांगून मास्टर बसवलेल्या पत्र्याकडे पाहा. जुन्या जीपमध्ये हा पत्रा तडकतो आणि पेडलबरोबर पुढे झुकतो. तसंच पेडलची पिन आणि बुश: भोक अंडाकृती झालं की चालीचा बराच भाग तिथेच वाया जातो.

1998ची जिप्सी. क्लच वायर वर्षात दोनदा गेली, काढली तेव्हा आतलं प्लॅस्टिक वितळलेलं होतं. (महू)

वायरचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टी गंजली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि क्लच वायर इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी धातूचीच वाट आहे. ती तापते, अस्तर वितळतं, पेडल जड होतं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून स्टार्टर फिरवा. 0.5 व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला, जोडाखालचा रंग घासून काढा. वायर सायलेन्सरला टेकत नाही ना, हेही बघा. नवी वायर बसवल्यावर पेडलची मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं सैल जातं ती) साधारण 20 ते 30 मिमी ठेवा.

मानपूर घाटात इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. प्लेटच ना? (इंदूर)

बहुधा हो, पण आधी मोकळी चाल पाहा. ती शून्य असेल तर रिलीज बेअरिंग (फोर्कने ढकललं की क्लच सोडवणारं) सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. चाल बरोबर असेल तर हँडब्रेक घट्ट ओढून, समोर कोणी नसताना, चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडा. इंजिन तत्काळ बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट झिजली किंवा तिला तेल लागलं. ही चाचणी एकदाच करा.

पावसाळ्यात चोरल नदीतून गाडी काढली, मग तीन आठवडे उभी होती. आता इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. बंद असताना सगळे पडतात. (रामबाग)

बंद असताना पडतात, म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच सुटत नाही. स्लेव्हची चाल पूर्ण असेल तर प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाचं जड चाक) गंजून चिकटली आहे. इंजिन गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून स्टार्टर द्या. गाडी लगेच चालू लागेल, तेव्हा ब्रेकवर पाय तयार ठेवा. पेडल दाबूनच अॅक्सिलरेटर दोन-चारदा झटक्यात द्या आणि सोडा. बऱ्याचदा प्लेट सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, आणि मग रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदला. फोर्कच्या भोकावरचं रबरी बूट फाटलेलं असेल तर नवं बसवा; माळव्याची काळी माती तिथूनच आत जाते आणि वाळली की फोर्क जाम करते.