“आजी गेल्या आणि मला हायसं वाटलं”

“मॅडम, पेशंट गेल्यावर मला आधी हायसं वाटलं. नर्स म्हणून मी नालायक आहे का?”

नव्वदीपुढच्या पेशंटचं करणाऱ्या सिस्टर माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. काही वॉर्डातल्या, काही नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे घरी बारा तासांची ड्युटी करणाऱ्या. तो इतक्यांदा कानावर आला की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

सुनंदाचं सांगते (नाव-तपशील बदलले आहेत). राहायला कळव्याला, रात्रपाळीची केस दादरला. पेशंट ९४ वर्षांच्या आजी, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. दिवसा झोपायच्या आणि रात्री एकला “मला घरी ने” सुरू व्हायचं. होत्या घरातच. वर “माझ्या पाटल्या तूच घेतल्यास.” पाटल्या लॉकरमध्ये. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना सुनंदाच्या मनात आलं, सुटा एकदाच्या. पुढच्याच आठवड्यात आजी गेल्या. घरच्यांनी हात धरून आभार मानले आणि तेव्हापासून हिची झोप उडाली.

“माझ्या मनात पाप आलं,” याखेरीज सुरुवातीला ती काही बोलेना. अशा वेळी लोक लगेच म्हणतात, अगं, मनाला लावून घेऊ नकोस. मी तसं म्हणत नाही. त्यानं माणूस गप्प होतो, टोचणी राहतेच. माझा कल विवेकनिष्ठ विचारांकडे आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेला आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेला तो मार्ग. आपण स्वतःवर कोणती अट लादली आहे, हे त्यात आधी शोधायचं. सुनंदाची अट होती, चांगल्या नर्सला पेशंटचा वैताग येताच कामा नये.

“ही अट कुणी घातली?”

“शपथ घेतो ना आम्ही, दिवा हातात धरून.”

“वैतागणार नाही, असं आहे त्यात?”

ती आठवू लागली. “नाही. पेशंटला अपाय होईल असं काही करणार नाही, असं आहे.”

(ही शपथ १८९३ची. नाव नाइटिंगेल यांचं असलं तरी त्यांनी स्वतः लिहिलेली नाही.)

“मग त्या रात्रीचं सांगा. हँडओव्हर देता तसं. काय काय केलंत?”

कुशीवर वळवून चादर बदलली. टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी दिली. हातावरची टेप ओली झाली होती, ती काढून नवी लावली.

“कशी काढली?”

“भिजवलेल्या कापसानं, हळूहळू. या वयात कातडी कागदासारखी होते. कोरडी ओढली तर सोलून येते.”

“तेव्हा वैताग आलेला होता?”

“होता तर! डोकं भणभणत होतं.”

“आणि टेप?”

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. “भिजवूनच काढली,” म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला आता जमतं. मनात आलेल्याचा निवाडा करण्याआधी हातांनी काय केलं ते विचारावं, हे मी या सिस्टरांकडूनच शिकले. रात्री तीनला मनात काय येईल यावर कुणाचा ताबा असतो? पेशंटपर्यंत हात पोचतात. आणि हायसं वाटलं म्हणून दुःख खोटं ठरत नाही. घरच्यांना निदान तेरा दिवस मिळतात, सिस्टरला दुसऱ्या दिवशी ब्युरोचा फोन येतो. रडायचं कधी?

भ्रमातले आरोप मात्र अंगाला लावून घेऊ नका. “घरीच आहात” असा वाद घालण्यापेक्षा “घरी कोण कोण आहे?” विचारा, चष्मा, कानाचं यंत्र लावलंय का बघा. गोंधळ एकाएकी वाढला तर डॉक्टरांना कळवाच. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी गोळी, काहीही असू शकतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हात उगारला गेला, घास कोंबला गेला, मनगट आवळलं गेलं, तर वरचा दिलासा तुमच्यासाठी नाही. दुसऱ्या कुणाला पेशंटजवळ बसवा, बाहेर या, झालं ते लपवू नका, ड्युटी बदलून मागा. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनाही सांगणं आहे: एकाच बाईकडून महिनोन्‌महिने सलग रात्री काढून घ्यायच्या आणि वर तिनं हसतमुख राहावं, हे जमणारं नाही.

सुनंदानं नवी केस घेतली आहे, मुलुंडला. आठवड्याला एक रात्र सुट्टी, ही अट यावेळी तिनं ब्युरोला घातली. कुरकुरत का होईना, त्यांनी मानली. पेशंट ९१ वर्षांचे आजोबा आहेत. शिव्या फार देतात म्हणे.